लीजची ऐंशी वर्षं

नमस्कार मंडळी. आज मी फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरतं बोलणार आहे. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे.

आपल्यातल्या कितीतरी जणांचं इथलं पहिलं घर म्हणजे लीजहोल्ड फ्लॅट. किल्ली मिळाली, दाराला तोरण बांधलं, सत्यनारायण झाला. पण आपण घेतली ती मोजकी वर्षं. ती दरवर्षी एकाने कमी होतात आणि संपली की मालकी फ्रीहोल्डरकडे, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाकडे जाते.

आमचं लीज ९९ वर्षांचं, २४ जून १९८९ पासूनचं. ऑक्टोबर २००६ मध्ये आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा साडेएक्याऐंशी वर्षांच्या वर मुदत शिल्लक होती. मला वाटलं, आपल्या नातवंडांनाही पुरेल. लीज वाढवायचा हक्क १९९३ च्या कायद्याने दिलेला आहे, पण तेव्हा आधी दोन वर्षं फ्लॅट आपल्या नावावर असावा लागे. म्हणजे आमचा हक्क सुरू होणार २००८ च्या ऑक्टोबरनंतर, आणि मुदत ऐंशीच्या खाली गेली त्याच वर्षीच्या जूनमध्ये. चार महिन्यांनी हुकलं. विकणाऱ्याने विक्रीआधी लीज वाढवण्याची नोटीस फ्रीहोल्डरला देऊन ती आमच्या नावे करून दिली असती तर वाचलो असतो. आमच्या सॉलिसिटरने हे सांगितलं नाही, आणि विचारायला हवं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

ऐंशीचं एवढं काय, ते सांगतो. तीन लाख पौंडांचा फ्लॅट घ्या. तो ८० वर्षांनी फ्रीहोल्डरला मिळणार, तर त्या हक्काची आजची किंमत किती? लीज वाढवताना ती त्याला द्यावी लागते. पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायला फ्लॅटसाठी वर्षाला साधारण पाच टक्के दर धरतात. हिशेब येतो सहा हजारांच्या आसपास. ६० वर्षं उरली असतील तर तोच आकडा सोळा हजारांवर जातो. शिवाय बुडणाऱ्या ग्राउंड रेंटची, म्हणजे फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायच्या भाड्याची, भरपाई. इथवर ठीक आहे. पण मुदत ऐंशीच्या खाली गेली की ‘मॅरेज व्हॅल्यू’ लागू होते: लीज वाढवल्याने एकूण किंमत जी वाढते, तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरचा. खरा फटका तिथे बसतो. आणि मुदत मोजतात ती नोटीस दिल्याच्या दिवशी, व्यवहार पुरा होतो त्या दिवशी नाही. तेव्हा ८१ वर आहात तर आधी नोटीस द्या, घासाघीस मागाहून.

ही १९९३ च्या कायद्यातली सेक्शन ४२ ची नोटीस. उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर पडते आणि ग्राउंड रेंट उरतो एक मिरीचा दाणा. खरंच, कायद्यात शब्दच तो आहे, म्हणजे शून्य. उत्तराला फ्रीहोल्डरला किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याचं उत्तर आल्यावर रक्कम जमली नाही तर सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायमंडळाकडे, अर्ज गेलाच पाहिजे. तो चुकला तर नोटीस रद्द धरतात आणि वर्षभर दुसरी देता येत नाही.

आता एका पत्रापासून सावध करतो. फ्रीहोल्डरकडून गोड पत्र येतं: नोटिशीच्या भानगडीत कशाला पडता, आम्ही स्वस्तात ९९ वर्षं करून देतो. २०२२ च्या कायद्याने बंदी येण्याआधी आत कुठेतरी असायचं, ग्राउंड रेंट २५० पौंड, दर दहा वर्षांनी दुप्पट. पन्नास वर्षांनी तो आठ हजार होतो. असा फ्लॅट विकायला काढलात तर घेणाऱ्याला कर्ज मिळणं कठीण. कुठलंही पत्र आपल्या सॉलिसिटरला आणि किंमत काढणाऱ्या सर्व्हेयरला दाखवल्याशिवाय सही करू नका, कितीही घाई असली तरी.

“नवा कायदा आलाय, थांबू का?” हे मला रोज कोणीतरी विचारतं. २०२४ च्या कायद्यातली दोन वर्षांची अट काढण्याची तरतूद ३१ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. आमच्यासारखं आता कुणाचं होणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. मॅरेज व्हॅल्यू रद्द करणं आणि ९९० वर्षांची वाढ हेही त्याच कायद्यात आहे, पण मी बोलतोय तोवर ते अंमलात आलेलं नाही. माझं मत विचाराल तर ८० ते ८३ मध्ये असणाऱ्यांनी थांबू नये. मुदत आधीच सत्तरीत असेल आणि विकायची घाई नसेल, तर सर्व्हेयरकडून आताच्या आणि नव्या नियमांनी असे दोन्ही हिशेब करून घ्या आणि मग ठरवा.

ज्यांनी लीजची प्रत आणली आहे त्यांनी ती काढा. नसेल त्यांना लँड रजिस्ट्रीकडून थोड्या फीमध्ये मिळते. सुरुवातीच्या पानांवर ‘टर्म’ शोधा: किती वर्षं आणि कोणत्या तारखेपासून. तारीख बहुधा २५ मार्च, २४ जून किंवा २९ सप्टेंबर अशी असेल. वजाबाकी करा. ज्यांचं उत्तर ८३ च्या खाली येतंय, त्यांनी चहाला जायच्या आधी माझ्याकडे या.