मुंग्या येतात, तर मुंग्याच सांगा

मंडळाचे पदाधिकारी, भारतातून आलेले आई-बाबा आणि मित्रमंडळी, नमस्कार.

मी सॅन अँटोनिओत फिजिओथेरपिस्ट आहे. टेक्ससमधल्या या शहरात निम्म्याहून जास्त वस्ती हिस्पॅनिक लोकांची. त्यामुळे स्पॅनिश मी वर्गात कमी आणि रुग्णांकडून जास्त शिकले. हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या एका बाई अंगठा आणि शेजारची दोन बोटं चोळत म्हणाल्या, "ओर्मिगेओ." ओर्मिगा म्हणजे मुंगी हे मला ठाऊक होतं. फोनवरच्या दुभाष्याने इंग्रजी सांगण्याआधीच मला कळलं, की या बाईंच्या हाताला मुंग्या येताहेत! फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज लोकांच्याही हातापायांवर मुंग्याच चालतात. इंग्रजीत मात्र टाचण्या आणि सुया टोचतात.

पुढचे प्रश्न सोपे होते. रात्री जाग येते का? हात झटकला की बरं वाटतं का? करंगळी ठीक आहे ना? तिन्हींना हो. मनगटातल्या अरुंद जागेतून मीडियन नर्व्ह नावाची नस जाते. ती दाबली गेली की याच बोटांना मुंग्या येतात, करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळी. निदान पक्कं व्हायला तपासण्या लागतातच, पण वाट त्या बाईंच्या शब्दाने दाखवली.

आता आपल्या घरांकडे येते. आई म्हणते, "पायाला मुंग्या येतात गं." आणि डॉक्टरांसमोर आपण सांगतो, पाय दुखतात. दुखणं वेगळं, बधिर होणं वेगळं, मुंग्या वेगळ्या. मधुमेहात नसांना इजा होते तेव्हा मुंग्या बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतात. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी पडलं तरी असं होतं, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतल्यानेही बी-१२ घटू शकतं. आपल्या कितीतरी ज्येष्ठांना या तिन्ही गोष्टी एकदम लागू पडतात! म्हणून डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी द्या आणि बी-१२ तपासायचं का, हे आवर्जून विचारा.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. अचानक शरीराच्या एकाच बाजूला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंट शोधू नका. लगेच ९११ला फोन करा.

आणि दुभाषा मागा. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि २०१०चा आरोग्यसेवा कायदा यांमुळे, सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णासाठी भाषेची मदत विनामूल्य द्यावी लागते. आपण ती मागायला संकोचतो, लोकांना उगाच त्रास नको म्हणतो. मला हे फार लागतं. बारा वर्षांच्या नातवाला आजीच्या लघवीच्या तक्रारी भाषांतर करायला बसवणं त्या दोघांवरही अन्याय आहे. तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांवर असं विसंबायला नियमांतही मनाई आहे. वेळ ठरवतानाच सांगा, "मराठी दुभाषा हवा." मग आजींना त्यांच्या शब्दांत बोलू द्या: कधी, कुठे, किती वेळ, कशाने थांबतं.

जेवणानंतर मी दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांची अपॉइंटमेंट जवळ आली आहे, त्यांनी तक्रारी मराठीत लिहून आणा. आपण त्या एकत्र वाचू.