काळी संडास होतेय? लोहाच्या गोळीवर ढकलण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! "बाबांना एमडीएस (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) आहे, संडासला काळी होते, लोहाच्या गोळीनेच ना?" कमेंटमध्ये हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आज तेवढंच बोलू.

मूळ मुद्दा पटकन. काळी शी ही पोटात रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते. अस्थिमज्जा बिघडली की प्लेटलेट कमी होतात, किंवा आकडा बरा असूनही काम नीट करत नाहीत, आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून "ऐंशी हजार आहेत, मग कसली भीती?" हे चालत नाही. मायलोफायब्रोसिसमध्ये (अस्थिमज्जेत तंतू साठण्याचा आजार) तर प्लीहा वाढते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटू शकतात.

आता काळा रंग. आधी औषधाचं पाकीट वाचा. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह साठलेलं असतं; एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम जातं. त्याला लोह सहसा देतच नाहीत! घरात जिला "लोहाची गोळी" म्हणतात ती बऱ्याचदा लोह काढणारी असते, डेफेरासिरॉक्स. आणि तिनेच पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

खरंच लोह चालू असेल तर शी काळपट-हिरवी पण बांधलेली. रक्ताची कशी? ओल्या डांबरासारखी चकचकीत, भांड्याला चिकटणारी, आणि वास असा की दाराबाहेर कळतो. फ्लश केल्यावर पाण्यात लालसर छटा दिसली तर शंका संपली. आणि काहीच ठरत नसेल? मग रक्तच समजा.

(पपईच्या पानांचा रस सुचवणाऱ्यांनो, इथे प्लेटलेट बनवणारा कारखानाच बिघडलाय. रस ठेवा बाजूला.)

गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणू नका. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. पॉलिसायथेमियात (रक्तपेशी जास्त बनण्याचा आजार) ॲस्पिरिन डॉक्टरांनीच दिलेली असते, ती एरवी मनाने बंद करू नका. पण काळी झाली तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

चक्कर, घाम, धडधड असेल तर सकाळची वाट नको, 108 लावा. आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडला रात्रीही गाड्या अडकतात, तेव्हा निघतानाच हॉस्पिटलला कळवा. सोबत शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट), रक्तगट, औषधांची यादी. एंडोस्कोपी लागू शकते, म्हणून वाटेत चहा-बिस्किट नाही. आणि पहिलं हिमोग्लोबिन "ठीक" आलं म्हणून घरी परतू नका. रक्त गेल्यावर आकडा उतरायला काही तास लागतात. रक्तपेढीत प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, दात्यांचे दोन-तीन नंबर आजच फोनमध्ये ठेवा.