हप्ता त्याचा, पगार तिचा

(दृश्य: सकाळ. दांडिया बाजार. दुकानांची शटर वर जातायत.)

वडोदऱ्याचा दांडिया बाजार. गायकवाडांच्या राज्यात आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथलीच होऊन गेली. त्यातलंच एक घर धरू.

नवऱ्यावर पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी. त्याची कमाई महिना 32,000. बायको शाळेत शिकवते, पगार 28,000. घरखर्च 36,000. हप्ता कमी करून घ्यायला तो बँकेत जातो आणि सगळा घरखर्च स्वतःच्याच नावावर मांडतो. उरतात उणे चार हजार! अधिकारी विचारतो, "घरात अजून कोण कमावतं?"

(दृश्य: वही. पेन्सिलीनं पाडलेले दोन रकाने.)

प्रश्न रास्त आहे. तिचा पगार लपवला, तर पुढचं बोलणंच खुंटतं. खर्च कमाईच्या प्रमाणात वाटून बघा. 60,000 मध्ये त्याचे 32,000, म्हणून खर्चातला त्याचा वाटा 19,200. हाती राहतात 12,800. आता हप्त्याचं बोलता येतं. तिच्या पगारानं कर्ज फिटलेलं नाही, त्याच्यावरचा खर्चाचा भार तेवढा उतरलाय.

मग हळूच सुचवलं जातं, "मिसेसची सही आणा ना, काम लवकर होईल."

इथं थांबा. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं वैयक्तिक कर्ज बायकोचं होत नाही. सहीनं होतं. सहकर्जदार म्हणून सही केली की पूर्ण कर्ज तिचंही, आणि हप्ता चुकला की तिचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा गुणांक, घसरतो. जामीनदार झाली तरी सुटका नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतं.

(दृश्य: कपाट. लाल कापडात गुंडाळलेल्या पाटल्या.)

या पाटल्या तिच्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956, कलम 14: पूर्ण मालकी तिची. तिनं स्वतः गहाण टाकल्या नसतील आणि कर्जाच्या कागदावर सहीही केली नसेल, तर नवऱ्याच्या कर्जापायी त्यांना कुणी हात लावू शकत नाही. वसुलीवाल्यानं घरच्यांना धमकावणंही रिझर्व्ह बँकेला मंजूर नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोनसुद्धा करायचा नाही.

तिला मदत करायचीच असेल, तर जरूर करावी. स्वतःच्या खात्यातून नवऱ्याच्या खात्यात पैसे टाकावेत. त्याला कर्जाच्या कागदावर सही लागत नाही.

प्रकरण लोकअदालतीत गेलं तर जास्तच जपा. तिथली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी बंधनकारक असते, अपील नसतं. मसुदा दोघांनी बसून वाचा, आणि तिचं नाव कुठल्या ओळीत, कशासाठी घातलंय ते विचारल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.