उंबरठ्यावरची मारामारी : व्हिक्टोरियन खेड्यातील मद्यगृह

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या खेड्यातील मद्यगृह म्हणजे केवळ दारूचा गुत्ता नव्हता. वाटसरू तेथे मुक्काम करीत, लिलाव तेथे पुकारले जात, आणि गावात कोणाचा अकस्मात मृत्यू झाला तर चौकशीचे पंचही अनेकदा तेथेच बसत. अशा घरात झालेली मारामारी साऱ्या गावासमोर होई.

नशेत धिंगाणा घालणाऱ्याला १८७२ च्या परवाना कायद्याने ४० शिलिंगांपर्यंत (२० शिलिंग म्हणजे एक पौंड) दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद ठरवून दिली. परंतु त्याच कायद्याने मद्यगृहाच्या मालकालाही कात्रीत पकडले होते. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला आणखी दारू दिली किंवा आवारात दंगा होऊ दिला, तर पहिल्याच गुन्ह्याला त्याला १० पौंडांपर्यंत दंड होऊ शके. शिवाय दरवर्षी त्याच्या परवान्याचे नूतनीकरणही दंडाधिकाऱ्यांच्याच हाती असे. म्हणून मालक पेला नाकारून बाहेर जायला सांगे, गिऱ्हाईक हटून बसे (या हट्टालाही ५ पौंडांपर्यंत वेगळा दंड होता), आणि उंबरठ्यावरच्या ओढाताणीत पहिला ठोसा पडे. मालकाने मागणी केली की अशा माणसाला बाहेर काढणे कॉन्स्टेबलला बंधनकारक होते, आणि मग त्याच्यावरही हात उचलला गेला की आरोपांत आणखी एकाची भर पडे.

खटला चाले तो ज्यूरीशिवाय, स्थानिक दंडाधिकाऱ्यांपुढे. हे बहुतेक जमीनदार किंवा धर्मोपदेशक असत. आपल्या दिवाणखान्यात पोर्ट वाइन रिचवणारा जमीनदार नशेतल्या धिंगाण्याच्या कलमाखाली सहसा सापडत नसे, हेही नोंदवायला हवे. साध्या मारहाणीला १८६१ च्या कायद्यानुसार ५ पौंडांपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद होती. आठवड्याला जेमतेम १३-१४ शिलिंग मिळवणाऱ्या शेतमजुराला ४० शिलिंग म्हणजे सुमारे तीन आठवड्यांची कमाई, आणि ती भरता आली नाही की तुरुंग.

मद्यगृहात बसून मजुरी वाटण्यास बंदी आली ती १८८३ मध्ये. शेतमजुराच्या मोबदल्याचा काही भाग बिअर किंवा सायडरच्या रूपाने देण्याची शेतमालकांची जुनी रीत कायद्याने बंद व्हायला तर १८८७ साल उजाडले. तोवर त्याच मजुराला नशेतल्या धिंगाण्याबद्दल दंड ठोठावणाऱ्या १८७२ च्या कायद्याला १५ वर्षे झाली होती.