चांदीचा टोमणा

तराजूच्या डाव्या पारड्यात अमेरिकेचा चांदीचा डॉलर आहे आणि उजव्या पारड्यात १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोरहॅम या चांदीकाम करणाऱ्या पेढीने काढलेली चकती. दोन्हींची चांदी एकाच शुद्धतेची, हजारात ९०० भाग. तरीही डॉलरचे पारडे वर जाते ते वरच राहते. डॉलर ४१२.५ ग्रेनचा, म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या आसपास, तर चकती ८२३ ग्रेनची, म्हणजे साडेचार तोळ्यांहून किंचित जास्त.

त्या वर्षी जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात छत्तीस वर्षांच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी सोळा भार चांदीला एक भार सोने धरून टांकसाळी चांदीला खुल्या कराव्यात, म्हणजे कुणालाही चांदी आणून तिचे डॉलर पाडून घेता यावेत, अशी मागणी केली. घसरत्या भावांनी आणि कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांना, पैसा वाढून भाव चढतील या आशेने, ही मागणी पटली, आणि ब्रायन पक्षाचे उमेदवार झाले. बाजारात मात्र चांदी केव्हाच कोसळली होती. १८९३ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी चांदीला बंद झाल्या, त्याचाही त्या पडझडीत वाटा होता.

आता चकती जवळून पाहा. एका बाजूला सरकारी डॉलरच्या आकाराचे वर्तुळ कोरले असून त्याभोवती मोकळी चांदी उरली आहे. दुसऱ्या बाजूला मजकूर आहे: सरकारी डॉलरमध्ये चांदी किती, या तुकड्यात किती, आणि सप्टेंबर १८९६ मध्ये सोन्याच्या एका डॉलरची बरोबरी करायला एवढी चांदी लागते. ना व्यंगचित्र, ना शिवी. बाजारभावाने ब्रायन यांचा चांदीचा डॉलर सोन्याच्या डॉलरच्या जेमतेम निम्म्या मोलाचा, हा टोमणा चांदी खरी आणि वजन चोख असल्यामुळेच लागू पडतो.

शेजारच्या ओबडधोबड, हलक्या धातूंच्या चकत्या उघडउघड खिल्ली उडवतात. डॉलरवरच्या ‘देवावर आमचा भरवसा’ या बोधवाक्याची आणि डॉलरमधल्या जेमतेम ५३ सेंटांच्या चांदीची थट्टा करणारे ‘उरलेल्या ४७ सेंटांपुरता देवावर भरवसा’ हे त्यांपैकी काहींवरचे वाक्य आजही हसवते. अमेरिकन नाणेतज्ज्ञ फॅरन झर्ब यांनी १९२६ मध्ये तुलनात्मक आणि उपहासात्मक असे दोन वर्ग करून या साऱ्यांची यादी छापली. आमच्या मते चांदीच्या चकतीला दुसऱ्या वर्गातही जागा हवी होती.

ब्रायन १८९६ मध्ये हरले, १९०० मध्येही हरले, आणि त्याच वर्षी सुवर्णमान, म्हणजे चलनाचे मोल केवळ सोन्याला बांधण्याचा नियम, कायद्याने पक्का झाला.

संग्राहक चकती कडेने धरतो, आधी वजन करतो, मग भिंगाखाली अक्षरे तपासतो. कडेला चढलेला काळपट निळा थर तो पुसत नाही; पॉलिश केलेली चकती त्याच्या लेखी नुसती साडेचार तोळे चांदी असते.