जड बेन्झीन आधी का उकळतं?

समोरच्या दोन्ही कुप्यांमध्ये बेन्झीन आहे, सहा कार्बन आणि सहा हायड्रोजनच्या रेणूंचा द्रव. कुप्या सहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ठेवल्यात. डावी तिरकी केली की आतला द्रव हिंदकळतो. उजवीतलं बेन्झीन मात्र थिजून पांढरं झालंय.

उजवीकडच्या बेन्झीनच्या रेणूत सहाही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे. केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असलेला जड हायड्रोजन. हॅरल्ड युरी यांनी तो १९३१ मध्ये शोधला. साधं बेन्झीन ५.५ अंशांना गोठतं, हे जड बेन्झीन ६.८ अंशांनाच.

आता दोन्ही तापवू. जड असलेलं उशिरा उकळेल, असंच कुणालाही वाटेल. जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी, तसंच वागतं. त्याला उकळायला १०१.४ अंश लागतात. पण इथे साधं बेन्झीन उकळतं ८०.१ अंशांना, आणि जड बेन्झीन त्याच्या आधी, साधारण ७९ अंशांना! सायक्लोहेक्झेन या सहा कार्बनच्याच कड्याच्या दुसऱ्या द्रवात हा फरक दोन अंशांहून जास्त भरतो.

रेणूतले बंध कधीच स्वस्थ नसतात. निरपेक्ष शून्य तापमानालाही त्यांचं कंपन थांबत नाही. हलक्या हायड्रोजनचं कंपन मोठं, ड्युटेरियमचं लहान. बंध दाबणं अवघड, ताणणं त्या मानाने सोपं. त्यामुळे कंपन जितकं मोठं, तितकी बंधाची सरासरी लांबी किंचित जास्त. कार्बन-हायड्रोजन बंध असा थोडा ऐसपैस राहतो, त्याचे इलेक्ट्रॉन थोडे सैल असतात, आणि शेजारच्या रेणूंशी त्याचं आकर्षण जरा वाढतं. ड्युटेरियमचा रेणू आटोपशीर, म्हणून त्याची शेजाऱ्यांवरची पकड ढिली. तो लवकर सुटतो. पाण्यात मात्र एका रेणूला शेजारच्या रेणूशी जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांचं राज्य आहे. ते ड्युटेरियममुळे अधिक घट्ट होतात आणि सगळं गणित फिरतं.

हा आटोपशीरपणा वजनकाट्यावरही पकडता येतो, आणि मला तोच पुरावा सर्वात देखणा वाटतो. रेणूचं वस्तुमान ७८ वरून ८४ वर गेलं, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढलं. घनता मात्र आठ टक्क्यांहून थोडी जास्त वाढते. वरचा तो अंश येतो रेणूंनी कमी जागा व्यापल्यामुळे.

रसायनशास्त्रज्ञ हे जड बेन्झीन एनएमआरसाठी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपून रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्रासाठी, द्रावक म्हणून वापरतात, कारण हायड्रोजनच्या वर्णपटात ते स्वतः जवळजवळ दिसतच नाही. त्यातलं ड्युटेरियम मिळतं जड पाण्यातून. आणि जड पाण्याचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला आहे.