दुसरा घास गवताच्या मुळावर

नमस्कार मंडळी. आज बोलूया सेंद्रिय दूधधंद्यातल्या चराईवर. युरिया टाकायचा नाही, पेंड कमीत कमी विकत घ्यायची, म्हणजे दूध निघणार ते कुरणातूनच, आणि तरी बऱ्याच ठिकाणी चराई म्हणजे गेट उघडलं, गायी सोडल्या, झालं!

गवताचं काय होतं बघा. गायीने पान खाल्लं की गवत बुडख्यात साठवलेली साखर वापरून नवं पान काढतं, आणि तेवढे दिवस मुळांची वाढ जवळजवळ थांबते. रायग्रास (थंड हवेतलं चराऊ गवत) असेल तर खाली बसा, एक फुटवा म्हणजे बुडातून निघालेली एक काडी हातात धरा आणि नवी पानं मोजा. एकच आलंय? साठा रिकामा आहे, गायी लांब ठेवा. तिसरं पूर्ण आलं की घाला आत, कारण चौथं निघालं की पहिलं वाळायला लागतं, ते गवत वाया. म्हणून कॅलेंडर बघून गायी फिरवू नका, जोराच्या वाढीत तीन आठवड्यांत तयार होणारा कुरणाचा तुकडा थंडीत किंवा पाण्याच्या ताणात दुप्पट वेळही घेतो.

आणि गायीला कोवळं आवडतं हो, एकाच तुकड्यात आठवडाभर ठेवली तर नुकतं फुटलेलं परत खाणार, तो दुसरा घास गवताच्या मुळावरच येतो. फ्रान्सचे शेतकरी-संशोधक आंद्रे व्वाझँ यांनी १९५० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय, एका तुकड्यात तीन दिवसांच्या वर नको, दुभत्या गायींना तर एकच दिवस बरा. झटका मशीनची (कुंपणात हलका विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची) एक तार गायींच्या पुढे, एक मागे, आणि पाणी जवळ, एवढ्यावर काम होतं.

अगदी जमिनीलगत खाऊ देऊ नका, ४-५ सेंटिमीटर खुंट राहू द्या. जंतांच्या अळ्या जास्त करून खालच्या भागातच असतात, आणि सेंद्रियमध्ये ऊठसूट जंतनाशक पाजता येत नाही, त्यामुळे वासरांना तर नेहमी स्वच्छ तुकडाच द्या.

नत्रासाठी गवतात पांढरा क्लोव्हर (तीन पानांची शेंगवर्गीय चारा वनस्पती) हवाच, त्याच्या मुळांवरच्या गाठीच आपलं खत. गवत फार उंच वाढू दिलं तर तो सावलीत मरतो. पण क्लोव्हरने पोटफुगी होऊ शकते, म्हणून तो जास्त असेल तिथे उपाशी गायी सोडू नका, ओला असताना तर नाहीच, आधी पोटभर वाळलेला चारा द्या, आणि डावी कूस फुगलेली दिसली तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन लावा.